नमुना क्रमांक सत्तेचाळीस

आमच्या विद्यापीठात रक्त काढायला कुणाची हरकत नसते, रक्ताबद्दल अर्ज करायला असते. मी संख्याशास्त्र शिकवतो. मुलांच्या रक्तातली साखर आणि त्यांच्या पोटाचा घेर यांचा आपापसात काही संबंध आहे का, एवढंच मला तपासायचं होतं. आरोग्य सप्ताह तोंडावर आला होता. मुलांनी सकाळी उपाशीपोटी यायचं, थोडं रक्त द्यायचं, कंबर मोजून घ्यायची आणि नाश्ता करून वर्गात जायचं. साधं काम. पण माझ्या अर्जावर "रक्तातील साखर" हे शब्द वाचून टपाल विभागातल्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे नक्की कुणाकडे पाठवू? रक्त आरोग्य केंद्राकडे जातं. साखर उपाहारगृह समितीकडे."

"अहो बाई, विषय एकच आहे."

"मग दोन प्रती करा."

दोन प्रती केल्या. आरोग्य केंद्राने "साखर आमच्या अखत्यारीत येत नाही" असं कळवलं आणि उपाहारगृह समितीने, साखर किती किलो लागेल, अशी विचारणा केली.

हा विषय मी घरी काढायलाच नको होता. बायको भाजी निवडत बसली होती. तिने मान वर करून आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग नजर हळूहळू खाली आणत शर्टाच्या चौथ्या बटणापाशी थांबवली. ते बटण गेली काही वर्षं एकट्याच्या बळावर बराच संसार सांभाळून आहे.

"तुम्ही मुलांची पोटं मोजणार," ती म्हणाली. हा प्रश्न नव्हता, त्यामुळे मी उत्तर दिलं नाही.

तळमजल्यावर एक निवृत्त अभियंते राहतात. जिन्यात गाठून त्यांनी मला विचारलं, "घेर नेमका कुठे मोजणार? श्वास आत घेऊन की सोडून? अहो सर, पाया पक्का केल्याशिवाय इमारत उभी करू नये." आणि खिशातली फीत काढून त्यांनी तिथल्या तिथे माझ्यावर प्रात्यक्षिक सुरू केलं. फीत दोन्ही बाजूंनी जेमतेम भेटली. वरच्या मजल्यावरच्या काकू नेमक्या तेव्हाच खाली उतरत होत्या. त्या म्हणाल्या, "साखर काही खाण्यानं वाढत नाही. काळजीनं वाढते. आमचे हे नोकरीत होते तोवर ह्यांना होती. हे निवृत्त होऊन घरी बसले आणि मला झाली."

खरी अडचण पुढेच होती. माणसांवर काहीही संशोधन करायचं तर नीतिसमितीची परवानगी लागते आणि आमच्या समितीचे अध्यक्ष आहेत नीतिशास्त्राचे प्राध्यापक. सगळं विद्यापीठ त्यांना पाठीमागे "अंतरात्मा" म्हणतं. उंच, किडकिडीत, कधीही आवाज न चढवणारा माणूस. ते समोर असले की आपण काहीतरी लपवतो आहोत असं उगाचच वाटायला लागतं.

"नळीवर मुलाचं नाव लिहिणार?" त्यांनी विचारलं.

"नाव नाही, क्रमांक. कुणाचा कोणता क्रमांक, ते मात्र माझ्या कपाटात कुलपात राहील."

"कुलूप म्हणजे किल्ली आली," अंतरात्मा म्हणाले. "किल्ली म्हणजे मोह आला."

शेवटी असं ठरलं की मुलाने स्वतः डब्यातून एक चिठ्ठी उचलायची, चिठ्ठीवरचा क्रमांक त्याच्या नळीला चिकटवायचा, चिठ्ठी त्याने जवळ ठेवायची आणि आठवड्यानंतर फलकावर आपला आकडा बघायचा. कोण कुठला क्रमांक, हे जगात त्याच्याशिवाय कुणालाही कळणार नाही. मला ही पद्धत मनापासून आवडली. खरं सांगायचं तर संख्याशास्त्राला माणसाचं नाव ही अडगळच असते.

शिबिराच्या दिवशी सकाळी मुलांची रांग व्यायामशाळेच्या बाहेरपर्यंत गेली होती. आरोग्य केंद्राच्या सिस्टर वेळेवर हजर होत्या, कापूस मात्र भांडारात कुलपात होता आणि भांडारपाल नाश्त्याला गेले होते. उपाशी विद्यार्थ्यांसमोर "साहेब नाश्त्याला गेलेत" हे वाक्य उच्चारण्याची चूक मी एकदाच केली. नंतर कापूस आला, काम सुरू झालं. तळमजल्यावरचे अभियंते कुणीही न बोलावता येऊन कंबर मोजायच्या टेबलावर बसले आणि प्रत्येक मुलाला "पोट आत ओढू नकोस, आकड्याशी प्रामाणिक राहा" असं बजावू लागले.

रांगेत फुगा होता. फुगा म्हणजे आमच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. पहिल्या वर्षाला आला तेव्हा चांगला गोल गरगरीत होता म्हणून मुलांनी हे नाव ठेवलं. गेल्या दोन-तीन महिन्यांत मात्र तो असा काही उतरला होता की आरोग्य सप्ताहाच्या फलकांवर त्याचाच फोटो झळकत होता. डावीकडे जुना फुगा, उजवीकडे नवा, आणि खाली मोठ्या अक्षरांत "याला जमलं, तुम्हाला का नाही?" विद्यापीठाच्या प्रत्येक खांबावर हा फलक होता. एक तर अध्यापकांच्या खोलीत, बरोबर माझ्या खुर्चीसमोर.

"शाब्बास," मी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालो. हाताला हाडं लागली. "कसं रे उतरवलंस इतकं?"

"आपोआप झालं, सर," तो ओशाळून म्हणाला आणि पाणी प्यायला गेला.

मला त्याचा विनय आवडला.

दुपारी मी डबा उघडतो न उघडतो तोच प्रयोगशाळेतून डॉक्टरबाईंचा फोन आला. रक्ताच्या नळ्या त्यांच्याकडे दिल्या होत्या. या बाई एरवीही घाईत बोलतात, पण त्या दिवशी त्यांनी नमस्कारसुद्धा केला नाही.

"सर, तुमचा सत्तेचाळीस नंबर कोण आहे?"

"ते मला कळू शकत नाही," मी जरा अभिमानानेच म्हणालो. "पद्धतच तशी आहे."

"मग पद्धत बदला. याची साखर पाचशेच्या वर आहे. उपाशीपोटी. मी दोनदा तपासली. रक्तात आम्ल चढायला लागलंय. हा मुलगा कुठल्याही क्षणी बेशुद्ध पडेल. आज संध्याकाळच्या आत त्याला दवाखान्यात न्या, नाहीतर त्याचं नाव तुम्हाला उद्याच्या वर्तमानपत्रात वाचायला मिळेल. आणि हे बघा, शोधताना तुम्ही—"

पुढचं ऐकायला मी थांबलो नाही. फोन ठेवला आणि निघालो. डबा तसाच उघडा राहिला.

अंतरात्मा आपल्या खोलीत पुस्तक वाचत बसले होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला, हे मला कबूल केलं पाहिजे. पण ते विचार करू लागले आणि त्यांचं विचार करणं हे पाणी तापत ठेवून त्याच्याकडे बघत बसण्यासारखं असतं.

"ध्वनिक्षेपकावरून सत्तेचाळीस क्रमांकाला बोलवू," मी म्हणालो.

"म्हणजे तो उठून निघाला की सगळ्या वर्गाला कळेल, आजारी कोण आहे ते."

"कळू दे ना. मेला तरी कळेलच की."

मग त्यांनी कागद ओढला आणि स्वतःच्या हाताने मजकूर लिहिला, कारण ध्वनिक्षेपकावर समितीने मंजूर केलेलाच मजकूर वाचला जातो. मजकूर असा होता: "ज्या कुणाला आपल्या प्रकृतीविषयी शंका वाटत असेल, त्याने विनासंकोच आरोग्य केंद्रात यावे."

परीक्षा पुढच्याच आठवड्यात होती. विद्यापीठात प्रकृतीविषयी शंका नसलेला एकही विद्यार्थी निघाला नाही. मी आरोग्य केंद्राशी पोहोचेपर्यंत तिथे जत्रा जमली होती. कुणाचं डोकं दुखत होतं, कुणाच्या छातीत धडधडत होतं, एकाला तर नेमका परीक्षेच्या दिवशी ताप येणार असं आतूनच जाणवत होतं. रांगेत ग्रंथपाल होते, बागेचे माळी होते आणि सगळ्यात पुढे कुलसचिव. त्यांना ओळीने तीन दिवस अपचन होतं.

"चिठ्ठ्या दाखवा," मी ओरडत रांगेतून फिरू लागलो. "सत्तेचाळीस कुणाकडे आहे? सत्तेचाळीस."

"लॉटरी लागली का सर?" मागून कुणीतरी विचारलं. लगेच तिघांनी हात वर केले. तिघांच्याही चिठ्ठ्या हरवल्या होत्या, पण नंबर तोच होता याबद्दल त्यांची खात्री होती. सिस्टरनी तिघांच्या बोटाला सुई टोचली. तिघंही ठणठणीत. बक्षीस काय होतं, असं विचारत ते निघून गेले.

सिस्टरनी घड्याळाकडे पाहिलं, मी सिस्टरकडे. सत्तेचाळीसचा घेर तरी बघावा, तर मापांची वही अभियंते पडताळायला घरी घेऊन गेले होते. सत्तेचाळीस नंबर कुठेतरी बाकावर बसून व्याख्यान ऐकत असेल, किंवा वसतिगृहाच्या खोलीत दार लावून पडला असेल.

"असं करूया," सिस्टर म्हणाल्या. "पाचशे साखर म्हणजे मुलगा चांगला जाडजूड असणार. सगळ्यात जाड कोण आहे?"

या प्रश्नाचं उत्तर विद्यापीठात लहान पोरसुद्धा देईल. डोंगर. तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. उपाहारगृहातलं खिडकीजवळचं बाक त्याचं, कारण बाकीची बाकं त्याला पुरत नाहीत. मी पळत गेलो. डोंगर एकटाच बसला होता. समोर पाव, अंडी आणि चहा. मी त्याच्या हातातला पाव काढून घेतला.

"हे खाऊ नकोस. माझ्याबरोबर चल. घाबरू नकोस, पण लगेच चल."

आजूबाजूची पोरं माना वळवून बघू लागली. डोंगराने आधी आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कशासाठी, सर?"

"तुझी साखर फार वाढली आहे, बाळा."

"माझी?" तो सावकाश म्हणाला. "माझा नंबर बारा आहे, सर. ही चिठ्ठी. आणि माझी साखर चांगली असते. मी दर महिन्याला तपासतो. सगळे विचारतात, म्हणून तपासतो. दाताच्या डॉक्टरकडे गेलो तरी तो आधी साखर विचारतो." त्याने हात पुढे केला. "पाव देता का?"

मी पाव परत दिला. आजूबाजूला कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. त्याच्या समोरच्या रिकाम्या बाकावर मी मटकन बसलो, कारण आता पुढे कुठे जायचं तेच कळत नव्हतं.

"माफ कर रे," मी म्हणालो. "एका मुलाच्या जिवावर बेतलंय. मला वाटलं, तूच असशील."

"सगळ्यांना तसंच वाटतं." त्याने पावाचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "इथे, तुम्ही बसलाय ना, तिथे फुगा बसायचा. आम्ही दोघं जोडीने जेवायचो. आता त्याचे फोटो लागलेत आणि माझ्यामागे लोक फीत घेऊन फिरतात. गंमत म्हणजे तो माझ्या दुप्पट खातो, सर. मी डोळ्यांनी बघितलंय. ताटभर खातो, वर तांब्याच्या तांब्या पाणी पितो आणि तरी वाळतच चाललाय. मी पाण्याचा घोट घेतला तरी अंगाला लागतो. हा कुठला न्याय?"

मी त्याची समजूत घालायला तोंड उघडलं. आयुष्य असंच असतं, शरीराची ठेवण वेगवेगळी, वगैरे. तेवढ्यात खिशात फोन वाजला. डॉक्टरबाई.

"सापडला का?"

"नाही. जाड मुलगा बघितला, पण तो—"

"जाड मुलगा कशाला बघितला?" त्या कडाडल्या. "तेच मघाशी सांगत होते, तर तुम्ही फोन आपटलात. या वयात एवढी साखर असली की मुलगा खंगतो. खातो आणि वाळतो. सारखी तहान लागते, सारखा लघवीला जातो. मला एक सांगा, हल्ली झपाट्याने बारीक झालेला कुणी आहे का तुमच्याकडे?"

माझ्या डोळ्यांसमोर खांब होता. खांबावर फलक होता. फलकावर उजवीकडचा फुगा माझ्याकडे बघून हसत होता. गाल आत, डोळे खोल, मानेच्या शिरा दिसताहेत. हे चित्र मी आठवडाभर चहा पिताना समोर पाहत होतो आणि त्याच्याकडे बघून बिस्कीट खाली ठेवत होतो.

"फुगा कुठे आहे?" मी डोंगराला विचारलं.

"मैदानावर असेल. आज आरोग्य दौड आहे ना. कुलगुरू झेंडी दाखवणार आणि फुगा सगळ्यांच्या पुढे झेंडा घेऊन—" तो थांबला. त्याचा चेहरा बदलत गेला. पाव ताटात पडला. "सर, तो पळणार आहे."

आम्ही निघालो. मी शेवटचा कधी धावलो होतो ते आठवत नाही. बहुधा एखाद्या वेतनश्रेणीच्या मागे असेन. उपाहारगृहापासून मैदानापर्यंत उतार आहे म्हणून निभावलं. डोंगर माझ्यापुढे होता आणि एवढा देह इतक्या चपळाईने हलू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. मैदानाच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा भोंगा वाजला. समोरून पांढऱ्या बनियनांचा लोंढा निघाला आणि त्याच्या टोकाला, झेंडा उंच धरून, फुगा.

"थांबवा," मी ओरडलो. निदान मला तसं वाटलं. घशातून शिट्टीसारखं काहीतरी निघालं.

थांबवायला कुणी नव्हतं, म्हणून आम्हीही लोंढ्याच्या मागे लागलो. मी बूट, विजार, खिशात खडू अशा थाटात धावत होतो. ध्वनिक्षेपकावर खेळांचे शिक्षक समालोचन करत होते. त्यांनी मला पाहिलं आणि त्यांना भरून आलं. "आणि पाहा, संख्याशास्त्राचे आपले प्राध्यापक. या वयात. या प्रकृतीत. मित्रहो, टाळ्या झाल्या पाहिजेत." दुतर्फा टाळ्या सुरू झाल्या. माझे विद्यार्थी "सर, सर" करत मला प्रोत्साहन देऊ लागले. मी हातवारे करून सांगत होतो की त्याला अडवा, आणि ते उलट हात हलवून मला अभिवादन करत होते. विद्यापीठाचा छायाचित्रकार माझ्यासमोर उलटा पळत फोटो काढू लागला. चौथं बटण कुठेतरी तिथेच गेलं.

ग्रंथालयाच्या वळणावर लोंढा पुढे गेला आणि झेंडा मला दिसेनासा झाला. छातीत भाता चालत होता. डोळ्यांपुढे काजवे. आणि त्या काजव्यांतून मला एकच दिसत होतं, हाडं हाताला लागलेली ती पाठ. शाब्बास म्हणालो होतो मी.

वळण घेतलं तर झेंडा रस्त्यावर पडलेला. पळणारे त्याला वळसा घालून जात होते. कुंपणाच्या भिंतीला टेकून फुगा ओकत होता आणि डोंगर त्याला मागून कवेत धरून उभा होता. दुसऱ्याच क्षणी फुग्याचे पाय गेले. डोंगराने त्याला तसाच खाली घेतला, त्याचं डोकं मांडीवर ठेवलं आणि त्याच्या गालावर चापट्या मारत "ए फुग्या, ए, इकडे बघ" असं म्हणत राहिला. फुग्याचा श्वास जोरजोरात आणि खोल चालला होता. त्याला एक विचित्र गोडसर वास येत होता, फळं सडल्यासारखा.

मी बाजूला गुडघ्यावर बसलो. "सत्ते," मी म्हणालो. "सत्ते... चा..." पुढचं अक्षर काही येईना.

फुग्याने अर्धवट डोळे उघडले. "सत्तेचाळीस," तो पुटपुटला. "आमच्या घराचा नंबरही तोच आहे, सर. पाणी आहे का?"

दौडीमागून सावकाश येणारी रुग्णवाहिका तेवढ्यात थांबली. दोन मदतनीस स्ट्रेचर घेऊन उतरले. त्यांनी समोरचं दृश्य अनुभवी नजरेने जोखलं. एक सडपातळ खेळाडू दमून पडलाय. एक जाडा मुलगा त्याच्याशी गप्पा मारतोय. आणि लालबुंद चेहऱ्याचा, बटण तुटलेला, पोट सुटलेला एक इसम जीभ बाहेर काढून जमिनीवर आहे. त्यांनी मला उचललं.

"मी नाही," मी म्हणालो. "तो."

"काका, बोलू नका. श्वास घ्या."

"अरे, तो आजारी आहे. साखर पाचशे—"

"याची साखर पाचशे आहे," एकाने दुसऱ्याला सांगितलं आणि माझे पट्टे आवळले.

मी प्राध्यापक आहे, हा माझा आयुष्यभराचा आधार आहे. स्ट्रेचरला बांधलेल्या अवस्थेत तो काही कामाचा नाही, हे नमूद करतो. मी हात-पाय झाडले, तर ते "झटका येतोय" म्हणाले. तेव्हा डोंगर उठला. त्याने फुग्याला दोन्ही हातांवर घेतलं, लहान मूल घ्यावं तसं, सरळ रुग्णवाहिकेत चढला आणि त्याला माझ्या शेजारच्या बाकावर ठेवून स्वतः दारात बसला. गाडी त्याच्या बाजूला कलली.

"हा पेशंट आहे," तो म्हणाला. "सरांना नुसती धाप लागलीय. गाडी चालवा, नाहीतर मी उतरणार नाही आणि दारही लागणार नाही."

गाडी निघाली. सगळ्या वाटेवर फुग्याचा हात माझ्या हातात होता. मी बांधलेला असल्यामुळे मला फक्त त्याची बोटं धरता येत होती. वाटेत तो बोलायचा थांबला. मी त्याला हाक मारू लागलो आणि मग लक्षात आलं की मला त्याचं खरं नावच माहीत नाही. हजेरीत मी क्रमांक पुकारतो.

दवाखान्यात त्याला आत नेलं आणि दार लागलं. माझे पट्टे काढायला जरा वेळ लागला, कारण माझी नोंदही रुग्ण म्हणूनच झाली होती. तेवढ्यात एका परिचारिकेने माझंही बोट टोचून घेतलं. साखर काठावर निघाली. बायकोला हे कळवायची घाई नाही, असं मी परिचारिकेला सांगत होतो, तेव्हा बायको माझ्या मागेच उभी होती. तिला खेळांच्या शिक्षकांनी फोन केला होता, की सर शर्यतीत कोसळले. ती बाकावर माझ्याशेजारी बसली, हातातल्या पिशवीतून दुसरा शर्ट काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"मुलगा कसा आहे?" तिने विचारलं.

"सांगत नाहीत."

बसून राहिलो. डोंगर उभाच होता, कारण तिथल्या खुर्च्यांना हात होते. बऱ्याच वेळाने जिन्यातून अंतरात्मा वर आले. त्यांनी मला पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं. त्यांचे ओठ सुकले होते.

"तो वाचेल ना?" त्यांनी विचारलं.

"प्रयत्न चालू आहेत."

"त्याचं नाव मला सांगू नका," ते म्हणाले, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर हात जोडून बसले. दार उघडेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, धोका टळतोय, पण आणखी थोडा उशीर झाला असता तर बोलायला काही उरलं नसतं. मुलाच्या शरीरात साखर पचवायला लागणारं इन्सुलिनच तयार होत नाही. जाडीशी याचा काही संबंध नाही. आता रोज इंजेक्शन घ्यावं लागेल, जन्मभर. डोंगर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. माझी बायको उठून त्याच्यापाशी गेली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. तिचा हात त्याच्या पाठीच्या मध्यापर्यंतच पोचत होता.

दोन दिवसांनी मी फुग्याला बघायला गेलो. कक्षाच्या दारातल्या रखवालदाराने अडवलं.

"पेशंटचं नाव?"

या वेळी मी नाव विचारून आलो होतो. सांगितलं.

"तुमचं नातं?"

मी विचारात पडलो. संशोधक म्हणावं तर नीतिसमितीने माझा प्रकल्प स्थगित केला होता, क्रमांकामागचा माणूस ओळखल्याबद्दल. शिक्षक म्हणावं तर, फक्त नातेवाइकांना परवानगी, असं दारावरच लिहिलेलं.

"सोडा त्यांना," आतून एक बाई म्हणाल्या. "घरचे आहेत."

त्या फुग्याच्या आई. शिवणकाम करतात. बोटांना सुईचे व्रण. त्यांनी मला स्टूल दिलं आणि स्वतः खाटेच्या पायथ्याशी बसल्या. फुगा उशीला टेकून बसला होता. अजून पांढराफटक, पण डोळे जागेवर आले होते.

"सर, मी त्याच्या विजारी दोनदा आत घेतल्या," आई खालच्या आवाजात म्हणाल्या. "दोनदा. पोरगा सुधारला, म्हणून मशीनवर बसून गाणं गुणगुणत होते मी."

मीही शाब्बास म्हणालो होतो, हे त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. एकमेकांना माफ करायला आम्ही दोघंही तिथे मुखत्यार नव्हतो.

"सर," फुगा म्हणाला. "एक विचारू? इंजेक्शन सुरू झालं की वजन परत येतं म्हणतात. म्हणजे मी पुन्हा जाड होणार का?"

त्याने हे हळूच विचारलं, आईकडे न बघता. सबंध विद्यापीठाच्या खांबांवर त्याचे फोटो होते. मरता मरता वाचलेला तो मुलगा एवढ्या एका गोष्टीला घाबरला होता आणि ती भीती त्याला आम्हीच दिली होती, मोठ्या अक्षरांत छापून.

मी संख्याशास्त्राचा माणूस. कुठल्याही प्रश्नाला हो किंवा नाही असं सरळ उत्तर मी आयुष्यात दिलेलं नाही. आम्ही शक्यता सांगतो, मर्यादा सांगतो, अजून अभ्यासाची गरज आहे असं म्हणतो. मी त्याच्या मनगटाकडे पाहिलं. दोन बोटांत मावेल एवढं मनगट.

"हो," मी म्हणालो. "चांगला भरशील. गाल वर येतील."

त्याने दोन बोटांनी स्वतःचा गाल चाचपला. खाटेच्या पायथ्याशी आईने पदर तोंडाला लावला होता. तो तसाच ठेवून त्या म्हणाल्या, "सर, आणखी एकदा सांगा त्याला."